कुत्रीला अहो-जाहो

सवत परवडली, असं इस्त्रीवालीचं ठाम मत होतं. सवतीशी निदान भांडता येतं. तिच्या झिंज्या उपटता येतात, तिच्या माहेरचा उद्धार करता येतो, आणि चार बायकांत तिच्या नावानं डोळ्यांना पदर लावला तर बायका आपल्या बाजूनं बोलतात. पण नवऱ्यानं कुत्रीला डोक्यावर बसवून ठेवलं असेल तर बाईनं कुणाच्या तोंडाकडे बघायचं? जिला सांगावं ती हसायची. "अगं, मुकं जनावर ते! त्याच्यावर काय जळायचं?" असं वर ऐकवायची. आता जळणाऱ्या बाईला समोर जनावर आहे हे काय कळत नव्हतं? चांगलं कळत होतं, आणि म्हणून तर ती जास्त जळत होती.

बरं, नुसते लाड असते तर तिनं काणाडोळा केला असता. तिचा खरा राग होता तो बोलण्याच्या तऱ्हेवर. तिचा नवरा, म्हणजे कोपऱ्यावरचा सलूनवाला, त्या कुत्रीला चक्क अहो-जाहो करायचा. चेष्टेनं नव्हे हो, अगदी मनापासून! दुकान बंद करून आला की दारातूनच त्याची हाक यायची, "बाईसाहेब, कुठं आहात? या, या. बसा. दमलात का?" दिवसभर पंख्याखाली लोळून ती मेली दमणार कशानं? आणि मग स्वयंपाकघराकडे तोंड करून, त्याच श्वासात, "अगं ए, चहा टाक गं."

झालं, इस्त्रीवालीच्या तळपायाची आग मस्तकाला जायची. लग्न झाल्यापासून ती त्याला अहो म्हणत आली होती. अहो ऐकलंत का, अहो जेवायला चला, अहो छत्री घ्या. उलट दिशेनं एकदाही अहो आलं नाही, आणि तिनं ते मागितलंही नव्हतं. नवरा बायकोला अगं म्हणतो, त्यात तिला कधी काही वावगं वाटलं नव्हतं. पण ह्या माणसाकडे द्यायला मान होता, भरपूर होता, आणि तो त्यानं सगळाच्या सगळा चार पायांच्या जनावराला देऊन टाकला, हे तिला सलत होतं.

मग तिनंही आपली तोड काढली. त्याच्या तोंडी बाईसाहेब, तर हिच्या तोंडी मेली. "ती मेली परत सोफ्यावर चढली." "त्या मेलीचे केस बघा, माझ्या धुतल्या चादरीवर!" "ऊठ मेले." "हो बाजूला मेले." शेजारी नवीन राहायला आलेल्यांना बरेच दिवस वाटत होतं की कुत्रीचं नावच मेली आहे.

कुत्री आली होती ती एका संध्याकाळी. मागचा एक पाय ओढत चालणारी, धड काळी नाही धड तपकिरी नाही, कान खाली पडलेले, आणि वयानं आधीच उतरलेली. निदान गोजिरवाणं पिल्लू तरी आणायचं! सलूनवाला तिला दारात घेऊन उभा राहिला नि काही सांगण्यासाठी त्यानं तोंड उघडलं, पण इस्त्रीवालीच्या तोंडाचा पट्टा एकदा सुटला म्हणजे मधे कुणाची टाप नव्हती. तो पट्टा आठवडाभर सुरू राहिला. तो बिचारा तोंड उघडायचा नि मिटायचा. शेवटी त्यानं सांगायचं सोडून दिलं, आणि कुत्री राहिली ती राहिलीच.

त्यानंतर घरात जे जे झालं त्याचा हिशेब इस्त्रीवालीच्या डोक्यात चोख होता. अंड्यातलं पिवळं कुणाला? बाईसाहेबांना. इस्त्रीवालीला बाजारात सोबत हवी असली की सलूनवाल्याचा गुडघा धरायचा, पण बाईसाहेबांना सकाळ-संध्याकाळ फिरवताना तोच गुडघा चकार शब्द काढायचा नाही. लेक लग्न होऊन परगावी गेलेली. तिचा फोन आला की पहिला प्रश्न, "आई, बाईसाहेब कशा आहेत? जेवल्या का?" "जेवल्या हो जेवल्या, आणि मी उपाशी आहे," असं म्हणून हिनं एकदा फोन ठेवून दिला होता. लेक तिकडे हसत बसली असणार, याचीही तिला खात्री होती.

इस्त्रीवाली कामाला होती ड्रायक्लीनरकडे. लोकांचे कोट, पँटी, पडद्यांच्या चुण्या, सगळं तिच्या हाताखालून जायचं. जाता जाता नवऱ्याच्या सलूनचे टॉवेलही तीच इस्त्री करून नेऊन द्यायची. सलूनमध्ये खुर्ची एकच, आणि त्या खुर्चीवर बहुतेक वेळा एक मास्तर मान मागं टाकून बसलेले असायचे. शाळेतून निवृत्त झाले तरी शिकवायची खोड गेलेली नव्हती. घरी कुणी ऐकत नसे, म्हणून ते दाढीला यायचे.

"अरे, जनावरावर दया करावी," मास्तर एकदा सांगत होते, "खायला घालावं, मारू नये, सगळं कबूल. पण मान? मान माणसाला असतो. तू कुत्रीला अहो म्हणायला लागलास तर मला काय म्हणशील?"

"तुम्हालाही अहोच म्हणतो की."

"तेच तर म्हणतोय मी! म्हणजे मी नि तुझी कुत्री एका रांगेत?"

सलूनवाल्यानं वस्तरा टॉवेलाला पुसला. "मास्तर, आत्ता तुम्ही डोळे मिटून गळा माझ्या हातात दिलाय. ह्या घटकेला तुमच्यात नि बोकडात काय फरक आहे, सांगा बघू?"

मास्तरांनी खाडकन डोळे उघडले. "फरक? मी माणूस आहे, मूर्खा!"

"ते झालं तुमच्या बाजूनं. पण तुमचा मान ठेवायचा की नाही, ते वस्तरा धरणाऱ्याकडे असतं. मला वाटतं तो ठेवावा. बोकडाचाही ठेवावा. आता बोलू नका, हनुवटी आलीय."

"मास्तर, तुमचंच बरोबर आहे," इस्त्रीवाली टॉवेल फळीवर ठेवता ठेवता म्हणाली. "ह्यांना मेल्या जनावराचा मान दिसतो. घरातलं माणूस दिसत नाही." मास्तरांना मान हलवून दुजोरा द्यायचा होता, पण वस्तरा हनुवटीवर होता म्हणून ते गप्प बसले.

ह्या सलूनवाल्याचा एक नेम होता. खुर्चीवरचं माणूस अर्धवट सोडायचं नाही. आकाश कोसळलं तरी हातातली दाढी पुरी करायची, मग काय ते बघायचं. अर्ध्या दाढीनं माणूस रस्त्यावर गेला तर त्यात त्याची नाही, आपली अब्रू जाते, असं तो म्हणायचा. साऱ्या गल्लीला ह्या नेमाचं कौतुक होतं. एकट्या इस्त्रीवालीला नव्हतं, आणि त्याला कारण होतं.

मागच्या वर्षी इस्त्री करता करताच तिच्या पोटात असा काही गोळा उठला की ती दुकानात गडबडा लोळली. पित्ताशयात खडे झाले होते. तिच्या बहिणीनं तिला दवाखान्यात नेलं, डॉक्टर म्हणाले आत्ताच्या आत्ता ऑपरेशन करावं लागेल, आणि बहिणीनं सलूनमध्ये फोन लावला. तिकडून उत्तर आलं, "खुर्चीत गिऱ्हाईक आहे. एवढी दाढी उरकतो आणि आलोच." तो आला, नाही असं नाही. पण तोवर तिला आत नेलं होतं. स्ट्रेचरवर आडवी पडून ती दाराकडे बघत गेली होती. शुद्धीवर आली तेव्हा तो उशाशी बसलेला होता, पण त्याच्या बाहीला साबणाचा वास येत होता, आणि तो वास तिच्या नाकातून पुढं कधी गेला नाही. एवढी दाढी उरकतो! तिला मेल्यावरसुद्धा ते वाक्य आठवलं असतं.

आता त्या दिवसाची गोष्ट. खरं तर ती आदल्या संध्याकाळी सुरू झाली. कामावर इस्त्रीवालीचं मनगट तापल्या इस्त्रीला लागलं. चांगला फोड आला. घरी आल्यावर तिनं हात पुढं करून नवऱ्याला दाखवला. "अरे रे," तो म्हणाला, "मलम लाव." संपलं. आणि पुढच्याच क्षणी हा गृहस्थ चष्मा चढवून, दिव्याखाली जमिनीवर मांडी ठोकून बसला, कारण बाईसाहेबांच्या पंजात काचेचा कण गेला होता. चिमटा काय, कोमट पाणी काय, "दुखतंय का? थोडंच राहिलंय हं, बाईसाहेब" काय! भाजी करपली, ती उतरवली, जेवणं थंड झाली, तरी ह्याचं चालूच. इस्त्रीवालीनं एका हातानं मलमाची ट्यूब दाबली नि दुसऱ्या हाताला आपलं आपण मलम लावलं. डोळ्यांत पाणी आलं ते तिनं त्याला दिसू दिलं नाही. तसं ते त्याला दिसणारही नव्हतं, चष्मा पंजावर होता.

सकाळी सलूनवाला कामाला गेला. इस्त्रीवालीनं भांडी आवरली, केस विंचरले, पिशवी घेतली. आणि मग तिनं रस्त्याकडचं दार उघडलं, सताड, दोन्ही फळ्या भिंतीला टेकवून. घर तळमजल्यावर. दाराबाहेर पायरी, पायरीबाहेर फुटपाथ, आणि फुटपाथ संपला की बस जिथं वळतात तो रस्ता. कुत्रीला एका डोळ्यानं नीट दिसत नव्हतं. हे सगळं इस्त्रीवालीला माहीत होतं, आणि माहीत असून तिनं दार उघडलं, असंच म्हणावं लागेल. तिनं कुत्रीला हाकललं नाही. नुसती दारापासून लांब जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "जा. जायचंय तर जा मेले. माझी ना नाही."

कुत्री उठली. पाय ओढत दारापर्यंत आली. बाहेरची हवा तिनं नाकात भरून घेतली. इस्त्रीवालीनं पिशवी घट्ट धरली. एक बस वळली, कुत्रीचे कान हलले. आणि मग ती बया मागं वळून उंबरठ्यावरच पसरली, डोकं आत, शेपूट बाहेर, अगदी घरची मालकीण असल्यासारखी. ना पुढं जाते ना मागं येते.

इस्त्रीवालीला आधी हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचाच तिला संताप आला. आता दार लागेना. दार लागल्याशिवाय कामावर जाता येईना. "ऊठ!" ती ओरडली. कुत्री जमिनीला चिकटली. "ऊठ म्हणते ना! ऊठ मेले!" ती आणखी चिकटली, कान मागं, पोट फरशीला. ओढावी तर धूड हे एवढं, आणि मनगटावर फोड. "बघा, बघा माज! त्यांनी शेफारून ठेवलीय, माझं कशाला ऐकेल?" असं भिंतीला सांगत तिनं तणतणत सलूनमध्ये फोन लावला. त्याचं ऐकते ना ही? मग त्यानंच फोनवरून सांगावं हिला.

सलूनमध्ये मास्तर खुर्चीवर होते, त्यांचा एक गाल झाला होता. बाहेर यंत्र लावून रस्ता खोदत होते, खडखडाटानं आरसा हलत होता. हातात वस्तरा, म्हणून सलूनवाल्यानं फोन फळीवरच ठेवून आवाज मोठा केला. इकडून इस्त्रीवाली एका दमात जे बोलली त्यातलं जे यंत्राच्या तावडीतून सुटलं, तेवढं तिकडे पोचलं. "...ती मेली... दारातच पडलीय... हलत नाही..."

"काय? काय झालं?" तो ओरडला.

तिला वाटलं, ह्याला ऐकायचंच नाही. "काही नाही! तुम्ही करा दाढ्या!" असं म्हणून तिनं फोन आपटला.

थोड्या वेळानं तिनं दारातून बाहेर बघितलं आणि बघतच राहिली. तिचा नवरा रस्त्यानं धावत येत होता. धावत! तो गुडघेवाला! अंगात सलूनचा डगला, हाताला फेस, फेरीवाल्यांना ढकलत, खड्ड्यांवरून उड्या घेत येत होता. आणि त्याच्या मागून, गळ्यात पांढरा कपडा, एक गाल चकाचक नि दुसऱ्यावर फेस वाळत चाललेला, अशा अवतारात मास्तर. बसमधली माणसं खिडकीतून माना काढून बघत होती.

सलूनवाला आला तो पायरीवर कोसळलाच. त्यानं कुत्रीच्या बरगडीवर हात ठेवला. कुत्रीनं एक डोळा उघडला, त्याची बोटं हुंगली आणि साबण चाटला. तो तिच्या अंगावर डोकं ठेवून हुंदके द्यायला लागला.

"हे काय? काय झालं काय तुम्हाला?" इस्त्रीवाली घाबरली.

"तू म्हणालीस मेली!"

"मी रोजच म्हणते मेली!"

"हलत नाही म्हणालीस!"

"नव्हतीच हलत! अजून तरी कुठं हलतेय?"

मास्तर धापा टाकत भिंतीला टेकले. "म्हणजे जिवंत आहे? मग मी कशाला आलो?" असं म्हणत ते कुत्रीला ओलांडून आत आले आणि स्टूल ओढून बसले.

आणि मग इस्त्रीवालीच्या नीट लक्षात आलं. तिनं मास्तरांच्या गालाकडे बघितलं, तो फेस, ती अर्धी दाढी. मग नवऱ्याकडे बघितलं.

"तुम्ही खुर्चीवरनं उठून आलात," ती म्हणाली. आवाज अगदी हळू होता. "माझ्या वेळी दाढी उरकून आला होतात."

सलूनवाल्यानं डोकं वर केलं.

"वहिनी," मास्तर मधे पडले, "त्या दिवशी खुर्चीवर मीच होतो. ही बघा खूण." त्यांनी बोटानं झालेल्या गालाखाली दाखवलं. जबड्याच्या कडेला बारीक पांढरी रेघ होती. "ह्याचा हात असा कापत होता की काय सांगू. आजवर ह्यानं मला एकदाच कापलंय, ते त्या दिवशी."

"कापलं," इस्त्रीवाली म्हणाली. "पण दाढी संपवली ना?"

"संपवली," मास्तर म्हणाले, आणि उगाच बोललो असं त्यांना वाटलं.

"आज नाही संपवली."

"नाही."

"मग झालं तर." ती म्हणाली. "मला त्या मेलीच्या वर बसायचं नाही हो. तिच्या बरोबरीनं तरी बसवा! माणसाइतकं जनावर, माणसाइतकं जनावर, असं सगळ्यांना सांगत सुटता. जनावराइतकं माणूस कधी करायचं ते सांगा मला."

सलूनवाल्यानं फेसाचे हात डगल्याला पुसले. "तिथं तुझ्याजवळ डॉक्टर होते," तो म्हणाला. "तुझी बहीण होती. मला वाटलं, माझ्यावाचून अडत नाही. तो दिवस चुकलाच माझा. पण आज... आज हिच्याजवळ कोण होतं?"

"मी होते!"

"तेच ना."

"तेच ना म्हणजे? बोला. अर्धवट ठेवू नका."

"मला वाटलं, तूच काहीतरी केलंस हिला." तो तिच्याकडे न बघता बोलत होता. "तू फोन आपटलास ना, तेव्हा वाटलं. मनात आलं, करायचं ते करून बसली आणि आता घरात एकटीच आहे. मग हातात वस्तरा धरवेना."

मास्तरांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

इस्त्रीवाली उसळून बोलणार होती. तुम्हाला मी अशी वाटले? इतकी वर्षं संसार केला तो ह्याच्यासाठी? सगळं तोंडाशी आलं होतं. पण समोर दार होतं, सताड उघडं, दोन्ही फळ्या भिंतीला टेकलेल्या, जशा तिनं टेकवल्या होत्या. बाहेर आणखी एक बस वळली. तिचा राग खोटा नव्हता, पण त्याचं बोलणंही तिला खोटं पाडता येईना.

"म्हणजे तुम्ही धावलात ते हिच्यासाठी की माझ्यासाठी?" एवढंच तिनं विचारलं.

"आता मला काय ठाऊक? धावताना कोण विचार करतं?"

ती खाली बसली, भिंतीला पाठ लावून. "सकाळी मी दार मुद्दाम उघडं टाकलं," ती म्हणाली. "जा म्हटलं तिला. बाहेर बस वळतात हे मला ठाऊक नव्हतं का?"

तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याचा हात कुत्रीच्या पाठीवरून फिरत होता तो तेवढा थांबला, आणि जरा वेळानं परत फिरायला लागला.

"गेली नाही पण," तो म्हणाला.

"नाही गेली. इथंच पसरली. मग ऊठ म्हटलं तर उठेना. जितकं ओरडावं तितकी चिकटते, हट्टी मे..." तो शब्द तिच्या जिभेवर आला आणि तिथंच अडकला.

"हट्टी नाही गं. तू ऊठ म्हणालीस ना? मग ती नाही उठायची." त्यानं कुत्रीचा पडका कान बोटात धरला. "मागच्या गल्लीतल्या भंगारवाल्याची ही. साखळीला बांधलेली असायची. तो यायचा, ऊठ म्हणायचा नि लाथ घालायचा. उठली तरी लाथ, नाही उठली तरी लाथ. पाय त्यातच गेला. घरी आणताना मी ऊठ म्हटलं तर अशीच चिकटली फरशीला, थरथर कापायला लागली. मग म्हटलं, उठा म्हणून बघू. तो शब्द तिनं कधी ऐकला नव्हता. त्याच्या मागून लाथ आली नव्हती कधी. उठली बघ लगेच. मग बाकीचं पण तसंच बोलावं लागलं. उठा म्हणायचं आणि पुढं ये म्हणायचं, ते बरं दिसत नाही."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगायलाच आलो होतो. तू बोलू दिलंस का?"

इस्त्रीवालीला तो आठवडा आठवला. आणि त्यानंतरचे सगळे दिवस आठवले, ऊठ मेले, ऊठ मेले, आणि दर वेळी मागं गेलेले कान, फरशीला लागलेलं पोट. तो माज आहे असं ती समजत आली होती. तिनं कधी लाथ घातली नव्हती. पण कुत्री दर वेळी लाथेची वाट बघत पडून राहिली होती, हे तिला आता कळलं, आणि फार वाईट वाटलं. वाईट वाटलं तरी मनातलं ते जुनं टोचणारं काही निघून गेलं नाही, हेही खरं सांगायला हवं.

"आणि मला?" तिनं विचारलंच. "मला कधी नाही म्हणालात उठा."

सलूनवाला गोंधळला. "तुला? तुला कशाला? तू काय परकी आहेस?"

"गाढव आहेस," मास्तर खिडकीकडे बघतच म्हणाले.

"तुम्हाला तो फोड तरी दिसला का काल?" इस्त्रीवालीनं मनगट पुढं केलं.

त्यानं खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि तिचा हात दोन्ही हातांत घेऊन उजेडाकडे वळवला. बराच वेळ बघत राहिला. "अगं, हे तर केवढं भाजलंय," तो म्हणाला. "काल मी..."

"काल तुम्ही काच काढत होता."

"हो," तो ओशाळून म्हणाला. "चुकलंच." हात मात्र त्यानं सोडला नाही. एक हात तिच्या मनगटाला, दुसरा कुत्रीच्या पाठीवर, असा तो उंबरठ्यावर मधोमध बसून राहिला. इस्त्रीवालीनं त्या दुसऱ्या हाताकडे बघितलं. तिला तोही हवा होता, खोटं कशाला बोला. पण ह्या वेळी तिनं तो मागितला नाही.

"काय रे," मास्तरांनी वाळलेला फेस खाजवत विचारलं, "माझा हा गाल कोण करणार? की मी असाच घरी जाऊ?"

इस्त्रीवाली उठून उभी राहिली. पदरानं तोंड पुसलं. एकदा रस्त्याकडे बघितलं, एकदा खाली. जनावराला अहो-जाहो करीन तर नावाची नाही, असं तिनं शेजारणींना किती वेळा बजावलं होतं. जीभ उचलेना. घसा खाकरून तिनं कसंबसं म्हटलं, "उठा आता."

कुत्रीचे कान वर झाले. तिनं त्या आवाजाकडे, ज्या आवाजातून तो शब्द तिच्यासाठी आजवर आला नव्हता तिकडे, डोळा वळवला. मग पुढचे पाय रोवले, मागचा पाय गोळा केला आणि उभी राहिली. आणि तिच्याबरोबर, गुडघ्यावर हात टेकून, सलूनवालाही उठला. त्याला तर तो शब्द रोजचाच होता.

मास्तर खो खो हसले. इस्त्रीवालीलाही हसू फुटलं, पण ते तिनं दाबलं. "तुम्ही जा, पाणी गरम करा मास्तरांसाठी," ती नवऱ्याला म्हणाली, आणि तो निमूटपणे आत गेला.

दारात ती आणि कुत्री दोघीच राहिल्या. कुत्री तिच्याकडे बघत होती, पुढं येऊ की नको असं. मागं रस्ता होता. इस्त्रीवालीनं एक फळी हातात धरली.

"आत या," ती म्हणाली, आणि कुत्री आत आल्यावर तिनं दार लावून घेतलं.